तंजावरचा वाडा वाचायचा कसा?

तंजावरच्या राजवाड्यावरची चार-पाच मराठी रील्स पाहिली की त्यांचा साचा पाठ होतो. वरून फिरणारा ड्रोन शॉट, मागे ढोलताशा, एडिटिंगमध्ये टाकलेला भगवा झेंडा आणि 'इथपर्यंत होतं आपलं राज्य' हे वाक्य. चाळीस सेकंदांत विषय संपतो. दुसरा गट रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचा. तो म्हणतो, वाड्यात बघण्यासारखं फारसं काही नाही, पडझड झाली आहे, कबुतरं फार, त्यापेक्षा मोठं देऊळ बघा आणि निघा.

हे दोन्ही गट एकाच गोष्टीची वाट बघत असतात, ती म्हणजे वैभवाची. एकाला ते दिसल्याचा भास होतो, दुसऱ्याची निराशा होते. इमारतीकडे बघायचं मात्र दोघांकडून राहून जातं. माझ्या मते तंजावरचा वाडा हा सत्ता हातातून निसटत गेलेल्या माणसांचा वाडा आहे आणि ती जितकी निसटत गेली, तितका तो जास्त वाचनीय होत गेला. त्यातली सर्वांत चांगली खोली दरबाराची नाही, पुस्तकांची आहे. मराठी वाचकाने तिथे जाऊन फक्त छाती फुगवून परत येणं म्हणजे जाडजूड पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून ते मिटून ठेवण्यासारखं आहे.

आधी मालकीहक्काचा प्रश्न मिटवू. हा वाडा भोसल्यांनी बांधायला घेतला नाही. तंजावर ही मुळात चोळांची राजधानी. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ अजून उभं आहे, पण चोळांचा स्वतःचा राजवाडा काही उरलेला नाही. आज दिसणाऱ्या वाड्याची सुरुवात सोळाव्या शतकाच्या मध्याला, विजयनगरचे सुभेदार म्हणून आलेल्या आणि हळूहळू स्वतंत्र झालेल्या नायक राजांनी केली. शेवप्पा नायक हा त्यांतला पहिला. हे राजे तेलुगू बोलणारे. म्हणजे तमिळ मुलखातला हा वाडा आधी तेलुगू घराण्याचा होता आणि नंतर मराठी घराण्याचा झाला. ज्यांच्या जमिनीवर तो उभा आहे, त्यांची भाषा बोलणारं घराणं त्यात कधी नांदलंच नाही. नकाशावर बाण काढून इतिहास सांगणाऱ्यांसाठी ही गैरसोयीची गोष्ट आहे.

मराठी घराणं आलं तेही स्वराज्याच्या मोहिमेतून नव्हे. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाशी लढताना तंजावरचा विजयराघव नायक मारला गेला. मग विजापूरच्या आदिलशाहीने आपला सरदार तिकडे पाठवला. तो सरदार म्हणजे शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी. नायकांच्या वारसाला गादीवर बसवायला म्हणून आलेले एकोजी काही काळातच स्वतः गादीवर बसले. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज कोल्लिडम नदीच्या उत्तरेला तिरुमळवाडीपर्यंत आले. एकोजी तिथे भेटायला गेले, वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली आणि एका रात्री ते गुपचूप निघून नदीपार तंजावरला परतले. महाराज पुढे तंजावरात गेले नाहीत. हा वाडा त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. तरीही रील्समध्ये त्यांचंच चित्र का असतं, याचं उत्तर वाड्यात सापडणार नाही, आपल्यातच सापडेल.

आता इमारतीकडे. आवारात शिरल्यावर नजर जाते ती सुमारे १९० फूट उंच, आठ मजली मनोऱ्याकडे. याला शस्त्रागाराचा मनोरा म्हणतात. लांबून बघितलं तर हे देवळाचं गोपुर वाटतं. तसाच निमुळता होत जाणारा आकार, तशाच कमानींच्या ओळींवर ओळी. तमिळ मुलखात वाढलेल्या माणसासाठी गोपुर दिसलं की खाली देव असणार, हे ठरलेलं. इथे खाली देव नाही, राजा आहे. वेलचेरु नारायण राव, डेव्हिड शुलमन आणि संजय सुब्रह्मण्यम यांनी 'सिंबल्स ऑफ सबस्टन्स' (१९९२) या पुस्तकात नायकांच्या काळाबद्दल जे दाखवलं, ते या मनोऱ्याकडे पाहून चटकन कळतं. या दरबारांच्या काव्यांत आणि नाटकांत राजा देवाचा सेवक राहत नाही, तो स्वतःच देवाच्या जागी येऊन बसतो. विजयराघवाने तर आपल्या वडिलांच्या, रघुनाथ नायकाच्या, आयुष्यावर नाटक लिहिलं. कवितेत जे झालं तेच इथे विटा आणि चुन्यात झालेलं आहे. विजयराघव या उंचीवरून श्रीरंगमच्या देवळाचा कळस बघून मगच जेवायला बसे, अशी गोष्ट तिथले गाइड सांगतात. खरी असो वा नसो, मनोऱ्याच्या स्वभावाला ती शोभते.

मराठा दरबाराची खोली मात्र अगदी वेगळ्या अपेक्षेने बघितली जाते. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाच्या डोक्यात वाडा म्हणजे चौक, सोपा, सागवानी खांब, तक्तपोशी. इथे तसलं काही मिळत नाही. एका बाजूने अंगणाकडे उघडं असलेलं रुंद दालन, जाडजूड गोल खांब, त्यांवर रंगीत गिलावा, महिरपी कमानी, कमानींवर चुन्यात घडवलेल्या देवदेवतांच्या आकृती. सातारा-पुण्याशी याचं नातं जुळत नाही. ते जुळतं शेजारच्या नायकांच्या दरबाराशी, मदुरेशी. गाइडबुकात याला बेधडक 'मराठा शैली' म्हटलेलं असतं आणि मला त्या शब्दाचा कंटाळा आलेला आहे. त्या खांबात मराठी काय आहे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असेल, फारसं काही नाही. आणि ही भोसल्यांच्या शहाणपणाची खूण आहे. त्यांनी सह्याद्रीतला वाडा कावेरीच्या खोऱ्यात आणून लावण्याचा अट्टहास केला नाही. तिथल्या उन्हाला, तिथल्या गवंड्यांना आणि तिथल्या लोकांच्या नजरेला जो राजवाडा म्हणून कळत होता, तोच त्यांनी पुढे वाढवला.

मराठीपण त्यांनी ठेवलं ते भाषेत, आणि तेही एकट्या मराठीत नाही. एकोजींचा मुलगा शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठीत नाटकं लिहीत होता आणि तेलुगूतही. आपण शाळेत मराठी रंगभूमीची सुरुवात म्हणून १८४३ चं सांगलीतलं विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' पाठ करतो. त्याच्या जवळपास दीडशे वर्षं आधी तंजावरात मराठी नाटकं लिहिली जात होती. पुढे प्रतापसिंहाच्या दरबारात मुद्दुपळनी या गणिकेने तेलुगूत 'राधिका सांत्वनम्' लिहिलं. विसाव्या शतकात इंग्रज सरकारने ते अश्लील म्हणून बंद केलं होतं. मराठी राजाच्या दरबारात तमिळ मुलखात एक स्त्री तेलुगूत राधेच्या इच्छेबद्दल लिहिते, हे चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये कसं बसणार?

या वाड्याचं मुख्य प्रकरण दुसऱ्या सरफोजींचं. तुळजाराजांचा हा दत्तक मुलगा. त्याच्या हक्काला आव्हान मिळालं, अमरसिंह गादीवर बसला आणि सरफोजीचं शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालं. १७९८ मध्ये इंग्रजांच्या पाठिंब्याने सरफोजी राजा झाला आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, त्याने राज्यकारभार कंपनीच्या हाती देणाऱ्या तहावर सही केली. बदल्यात दरसाल एक लाख पगोडे तनखा, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि अधिकार उरला तो किल्ल्याच्या आत.

इथे थांबून विचार करा. राजाचं राज्य आता त्याच्या भिंतींपर्यंतच आहे. सैन्य नाही, महसूल ठरवायचा नाही, न्याय द्यायचा नाही. हातात पैसा आहे, वेळ आहे आणि एक मोठा वाडा. अशा स्थितीतल्या कित्येक संस्थानिकांनी पुढे काय केलं, ते आपल्याला माहीत आहे. सरफोजीने १८३२ मध्ये मरेपर्यंत तेहतीस वर्षं वाड्याचा वापरच बदलला. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथभांडाराला त्याने अवाढव्य केलं. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेला तेव्हा तिथूनही पोथ्या जमवून आणल्या. युरोपातून हजारो छापील पुस्तकं मागवली. आज त्याच्या नावाने ओळखलं जाणारं सरस्वती महाल ग्रंथालय हे त्याचं फळ. १८०५ च्या सुमारास त्याने देवनागरी टाइपाचा छापखाना सुरू केला आणि त्यात १८०६ साली इसापनीतीचं मराठी रूप, 'बालबोध मुक्तावली', छापून निघालं. लोकहितवादी आणि जांभेकरांच्या कितीतरी आधी एक मराठी पुस्तक तंजावरात छापलं जात होतं. 'धन्वंतरी महाल' नावाची वैद्यकशाळा होती, तिथे देशी आणि युरोपीय औषधांची परीक्षा चाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तर डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह जपून ठेवलेल्या आहेत. त्यातलं एखादं पान पाहिलं तर कुणातरी अनाम माणसाचा लाल झालेला डोळा दोनशे वर्षांनी आपल्याकडे बघत असतो.

सावित्री प्रीता नायर यांनी २०१२ मध्ये सरफोजीच्या विज्ञानप्रेमावर आख्खं पुस्तक लिहिलं, इंदिरा विश्वनाथन पीटरसन यांनी त्याच्या शाळा आणि संग्रहांवर बारकाईने काम केलं. हे सगळं इंग्रजीत आहे. दोघींची मांडणी वाचताना हे ठसतं की सरफोजी युरोपाची नक्कल करणारा हौशी राजा नव्हता. जे त्याला हवं ते तो निवडून घेत होता आणि आपल्या चौकटीत बसवत होता.

पण सरफोजीची आरती करायचा माझा बेत नाही. तंजावरहून समुद्राकडे गेलं की सालुवनायकनपट्टणम् इथे किनाऱ्यावर एक षट्कोनी, आठ मजली मनोरा आहे. गावात त्याला 'मनोरा' असंच म्हणतात, हा मराठी शब्द तिथे विशेषनाम होऊन बसला आहे. तो सरफोजीने १८१४ च्या सुमारास बांधला, इंग्रजांनी नेपोलियनचा पराभव केला त्याच्या आनंदात. ज्याच्याकडे स्वतःचं सैन्य नाही, तो राजा आपलं राज्य ज्यांनी घेतलं त्यांच्या, सात समुद्रापलीकडच्या विजयाचं स्मारक उभारतो. याला लाचारी म्हणता येईल, हिशेबीपणाही म्हणता येईल. मला वाटतं दोन्ही होतं. ग्रंथालय आणि मनोरा एकाच माणसाचे, एकाच पैशातून झालेले आहेत आणि एक घेऊन दुसरा सोडून देता येत नाही. तंजावरच्याच श्वार्ट्झ चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात हातात घेऊन सरफोजी उभा आहे. शिल्पातला राजा शिष्याच्या जागी आहे आणि ते त्याने स्वतःच्या पैशाने करवून घेतलं. ते बघून मला अवघडायला होतं. त्यातलं प्रेम खरं आहे, हेही नाकारता येत नाही.

सरफोजीचा सर्वांत चतुर निर्णय मात्र वाड्याच्या बाहेर आहे. १८०३ मध्ये त्याने आपल्या घराण्याचा इतिहास, 'भोसलेवंशचरित्र', मराठीत लिहवून घेतला आणि बृहदीश्वर देवळाच्या आवाराच्या भिंतीवर कोरला. देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी, आठशे वर्षं जुन्या चोळ भिंतीवर. त्याने तो वाड्यात का कोरला नाही? वाडा तहातून मिळाला होता आणि तहातून जाऊही शकत होता. देवळाची भिंत कुणी जप्त करणार नाही, एवढं त्याला कळत होतं, असा माझा तर्क आहे.

पुढे तसंच झालं. त्याचा मुलगा दुसरा शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्र न ठेवता वारला. कंपनीने राज्य खालसा केलं. राज्य तसंही नावापुरतंच होतं, पण या वेळी वाड्याला कुलपं लागली आणि आतली खासगी मालमत्ताही, दागिन्यांसकट, ताब्यात घेतली गेली. वाड्यात अनेक राण्या होत्या. थोरल्या राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं आणि १८५९ मध्ये निकाल फिरला. जप्ती हे एका सार्वभौम सत्तेचं कृत्य आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. कायदा शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना विचारा, 'ॲक्ट ऑफ स्टेट' शिकताना कामाक्षीबाईंचं नाव येतंच. पुढे सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली, पण हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. मग राण्या आपापसांत कोर्टात गेल्या. या वाड्याचं शेवटचं राजकारण बायकांनी केलं, वकिलांमार्फत, आणि आपल्या अभिमानगीतांत त्यांच्यासाठी एकही कडवं नाही.

आता आजच्या वाड्याबद्दलची माझी तक्रार. तो तुकड्यांत दाखवला जातो. कलादालन वेगळं, ग्रंथालयाचं संग्रहालय वेगळं, राजघराण्याचं संग्रहालय वेगळं, मराठा दरबार वेगळा. तिकिटांच्या खिडक्या वेगळ्या, फलकांची भाषा वेगळी. एका खोलीचा दुसरीशी काय संबंध, हे कुणी सांगत नाही. त्यात कुठेतरी एका प्रचंड देवमाशाचा सांगाडा येतो. तो तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर सापडलेला, वाड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर मुलं सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबतात.

नायकांच्या दरबारात १९५१ पासून कलादालन आहे, त्यात तंजावर भागातल्या देवळांची आणि जमिनीखाली सापडलेली चोळकालीन शिल्पं ठेवलेली आहेत. म्हणजे तेलुगू राजांच्या दरबारात तमिळ देव आणि मधोमध मराठी राजाचा, सरफोजीचा, पांढरा संगमरवरी पुतळा. ही मांडणी कुणी विचार करून केली असती तर तिला दाद दिली असती. ती झाली आहे जागा होती म्हणून. त्याच संग्रहात तिरुवेंकाडूचा ऋषभवाहन शिव आहे, १०११ सालचा. डोक्याला सापांचं मुंडासं, एक पाय दुमडलेला, एक हात बाजूला टेकलेला. टेकलेला कशावर, तर नंदीवर, आणि नंदी हरवला आहे. शिव हवेवर रेलून इतक्या आरामात उभा आहे की नंदी नाही हे क्षणभर ध्यानातही येत नाही. सरफोजीचा पुतळा त्याच संग्रहात असणं मला योगायोगापेक्षा जरा जास्त वाटतं. बाकी सगळी रील्स सोडा, पण या मूर्तीसमोर पाच मिनिटं फोन खिशात ठेवा.

ग्रंथालयाचं संग्रहालय बहुतेक लोक दहा मिनिटांत उरकतात, कारण ते लहान आहे आणि पंख्यांचा आवाज मोठा आहे. तिथे शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून केलेली चित्रं आहेत. घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस. किल्ल्याच्या आत बंद असलेला एक मराठी राजा ही पानं उलटत होता, त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचं जे चाललं होतं, ते आठवून पाहा.

शेवटचा मुद्दा कागदांचा. सरस्वती महालात मराठीच्या सुमारे तीन हजार पोथ्या आहेत आणि तंजावरच्या दरबाराचे मोडी रुमाल हजाराच्या वर. त्यांत हिशेब आहेत, पगार आहेत, नाचणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना काय दिलं ते आहे, रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांमध्ये रोज किती पानं वाढली ते आहे. ज्या चौघा भावांनी आजच्या भरतनाट्यमची मांडणी पक्की केली, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु याच दरबाराच्या आश्रयाला होते. या रुमालांतल्या निवडक कागदांचं भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८० च्या दशकात खंडांमध्ये छापलं, तमिळमध्ये. तमिळ वाचता येणाऱ्याला आज तंजावरच्या मराठी राजांच्या घरातला रोजचा कारभार आपल्यापेक्षा सोपा जातो.

सध्या ऑनलाइन मोडीचे वर्ग जोरात आहेत. माझ्या ओळखीची तीन-चार मुलं-मुली ते करतात, सराव म्हणून पेशवे दफ्तरातल्या पत्रांचे फोटो एकमेकांना पाठवतात. त्यांना मी तंजावरबद्दल सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, 'त्यात लढाया आहेत का?' मी म्हटलं, भाताचे आणि तुपाचे हिशेब आहेत. एकीने लगेच विचारलं की तंजावरचं वळण आपल्यापेक्षा वेगळं असतं का, आणि तमिळ शब्द मोडीत कसे लिहीत असतील.